आईला पातं लागू नये

पात्याला धार नाही,
हे मी सगळ्यांना आधीच सांगते. आदेलिनूलाही सांगितलं.
त्याने ते माझ्या हातातून घेतलं,
अंगठ्याच्या नखावर फिरवून पाहिलं
आणि दुसऱ्याचं तान्हं मूल परत द्यावं
तसं जपून परत दिलं.
"बोथट आहे," म्हणाला, "पण मूर्ख नाही."

कोरुश. जुलै. बाहेर बेचाळीस.
पंखा गरम हवा इकडची तिकडे करतो, बस.
त्याचं उजवं कोपर उशीवर,
बाहेरच्या हाडाशी दुखरी जागा, बोटभर.
एकेचाळीस हंगाम बुचाच्या ओकांची साल उतरवली या हाताने,
आता तो कॉफीचा कप अर्ध्यावर सोडून देतो.

मलम लावून मी स्टीलची चंद्रकोर
मनगटाकडून कोपराकडे ओढते,
तिरकी, हलकी, नुसती चौकशी केल्यासारखी.
बोटांपुढे जे मांस गप्प बसतं
ते धातूपाशी बोलून जातं:
इथे काही नाही, इथे काही नाही, इथे
ओल्या वाळूवरून चमचा ओढावा तशी खरखर.

आत चिकटलेले तंतू सुटतात, असं आम्हाला शिकवलं.
सुटतात का, ते शपथेवर सांगता येणार नाही.
एक अभ्यास हो म्हणतो, पुढचा खांदे उडवतो.
मला एवढंच दिसतं, की काही आठवड्यांनी
लोक दार उघडताना
दुसरा हात पुढे करायचं विसरतात.
आणि हेही खरं, की पातं घेतलं नसतं
तर माझेच अंगठे केव्हाच गेले असते.

मी जोर वाढवला.
तो कण्हला नाही. मान हलवली.
"ऐकत नाहीयेस तू. ढकलतेयस."

मग छताकडे बघत बोलू लागला:
"कुऱ्हाड टेकवली की झाड उत्तर देतं.
कोरडं, टक्क, म्हणजे साल अजून धरून आहे, नाद सोड.
पोकळ, जाडं कापड टरकल्यासारखं, म्हणजे ती निघाली.
मग घाव नाही घालायचा. पातं नुसतं पिळायचं.
आत ओला थर असतो, त्याला आम्ही आई म्हणतो.
आईला पातं लागलं
की तिथे पुन्हा धड साल धरत नाही.
बापाने जन्मात एकदाच माझ्या कानाखाली वाजवली.
ती त्याच्यापायी."

मी हात सैल सोडला.
पुढची दोन मिनिटं खोलीत फक्त पंखा
आणि वाळूचा तो आवाज,
जो मला मनगटात ऐकू येत होता
आणि त्याला, म्हणाला, दाढेत.

कातडीवर लाल ठिपके वर आले.
त्याने हात उजेडाकडे धरला, खूश झाला.
"बघ, नुकतं सोललेलं खोड! असंच लाल दिसतं.
आता चुन्याने वर्षाचा आकडा घाल,
आणि नऊ वर्षं याला कोणी शिवायचं नाही."
आम्ही हसलो.
हसता हसता दोघांनीही तोच हिशेब केला असावा.
बासष्ट अधिक नऊ.
यंदा त्याने आकडा घातलेल्या झाडांवर
पुढच्या वेळी कुऱ्हाड दुसऱ्या कुणाची.
मुलगा लुदजेरू लोझानला बस चालवतो,
त्याला ओक आणि ऑलिव्ह यांतला फरकही सांगावा लागतो.

"गुरुवारी ये," मी म्हटलं.
"गुरुवार झाडांचा आहे.
ऑगस्ट सरला की साल हट्टाला पेटते,
कोपराचं काय, ते हिवाळ्यातही दुखेल."
व्यायामाचा कागद दिला:
हातोडी धरून मनगट हळूहळू खाली सोडायचं, पंधरा वेळा.
त्याने चार घड्या घालून खिशात ठेवला.
हातोडी, म्हणाला, आहे घरी.

जाताना दाराच्या मुठीकडे डावा हात गेला,
मधेच थांबला,
मागे आला,
आणि उजव्याने मूठ फिरवली.
दार उघडलं.
ते दार तसं हलकंच आहे,
हेही सांगायला हवं.